बीपीला हात लावायचा नाही

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर तीस वर्षांत नाना तऱ्हेची माणसं येऊन भांडली. औषध बदलून द्या म्हणून, डॉक्टरांचं अक्षर तुम्हालाच कसं कळतं म्हणून, आधी मी उभा होतो म्हणून. पण भर दुपारी पांढऱ्या साडीतली एक बाई रस्ता ओलांडून आली, काउंटरची फळी वर करून सरळ आत घुसली आणि तिसऱ्या कप्प्यातला कॅप्सूलचा डबा काढून तिने माझ्यासमोर आपटला, असं एकदाच घडलं.

"शेठ, ही जिभेखाली फोडायची कॅप्सूल आत्ता त्या हिरव्या शर्टवाल्याला तुम्ही दिली का?"

"दिली. त्याच्या आईचं बीपी दोनशे आहे."

"आईचं तोंड वाकडं झालंय, हे सांगितलं त्याने?"

"सांगितलं."

"आणि तरी दिली?"

"अहो बाई, तोंड वाकडं झालं म्हणूनच तर दिली!"

 ती कपाळावर हात मारून म्हणाली, "बठ्ठा शाना व्हई ग्यात!" म्हणजे सगळेच शहाणे झालेत. हिरव्या शर्टवाल्याला तिने समोरच्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरच गाठलं होतं आणि कॅप्सूल त्याच्या हातातून काढून घेतली होती. ती आता तिच्या मुठीत होती. तिने ती माझ्या तळहातावर ठेवली आणि ज्या वाटेने आली त्या वाटेने गेली.

मला असा राग आला म्हणता! आम्ही मूळचे मारवाडातले, पण तीन पिढ्या जळगावात गेल्या. भिंतीवर माझं फार्मसीचं सर्टिफिकेट काचेत लावलेलं. आणि समोरच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलातली नवी सिस्टर मला शिकवणार? त्या काळी ती कॅप्सूल गावातलं कुठलंही दुकान देत असे. डोकं गरगरलं, द्या एक. नाकातून रक्त आलं, द्या एक. अंगावरून वारं गेलं, म्हणजे लकवा मारला, तर विचारूच नका. लोक घरात देव्हाऱ्याशेजारी ती ठेवायचे. चांगले शिकलेले डॉक्टरसुद्धा लिहून द्यायचे, आणि मशीनवरचा आकडा खाली आला की सगळ्यांच्या जिवात जीव यायचा.

ही इंदूअक्का. धुळ्याची, लग्न न केलेली, अंगाने काटकुळी. आवाज मात्र असा, की वॉर्डात बोलली तर माझ्या काउंटरवर ऐकू यायचं. एरवी चांगलं छापील मराठी बोलायची, पण संतापली की थेट अहिराणीवर यायची. त्यामुळे तिच्या रागाची बातमी आम्हाला अर्थाच्या आधी भाषेनेच कळायची.

तिच्याकडे पाऱ्याचं बीपी मशीन होतं, स्वतःचं. खाकी कापडाच्या जाड पिशवीत ठेवायची. पिशवीला बाहेरून शर्टाचा खिसा तसाच शिवलेला आणि त्या खिशात पेन. बॅटरीवरच्या मशीनचं नाव काढलं की नाक मुरडायची. बीपी घ्यायची पद्धत म्हणजे एक विधीच होता. माणसाला पाच मिनिटं खुर्चीत बसवायचं. पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, हात टेबलावर, आणि तोंड बंद. "बोललात की दहाने चढतं," म्हणायची. एकदा एका वकीलसाहेबांनी मध्येच फोन उचलला, तर हिने पट्ट्यातली हवा सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून पाच मिनिटं. त्यांची कोर्टात तारीख होती, तरी.

पहिल्या भांडणानंतर महिनाभराने ती स्वतःच आली आणि म्हणाली, "शेठ, तुमचा चेहरा लाल दिसतो. बसा." तेव्हापासून दर सोमवारी सकाळी दुकानात माझं बीपी घ्यायची. मी बडबड्या माणूस. पाच मिनिटं गप्प बसलेला मी बघायला गिऱ्हाइकं मुद्दाम थांबायची.

"पण अक्का," एका सोमवारी, पट्टा सुटल्यावर, मी विचारलं, "लकव्याच्या पेशंटचं बीपी दोनशे असताना उतरवायचं नाही, हे कुठलं शास्त्र?"

तिने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. केळीच्या बागांना ठिबक बसवून देणाऱ्याचं दुकान होतं तिथे, नळ्यांची भेंडोळी बाहेर टांगलेली. "बागेत एक नळी चोकअप झाली. शेवटच्या केळीपर्यंत पाणी कसंबसं झिरपतंय. तेव्हा तुम्ही मोटर बारीक कराल का?"

"नाही. शेवटची झाडं वाळतील."

"मग डोक्याचं काय वेगळं आहे? चांगल्या मेंदूला स्वतःचे व्हॉल्व्ह असतात. बीपी वर जाऊ दे, खाली येऊ दे, तो आपल्या नळ्या आवळतो, सैल सोडतो आणि पाणी सारखं ठेवतो. पण ज्या भागाला झटका बसला, तिथले व्हॉल्व्ह निकामी. तिथे मागून जेवढा जोर, तेवढंच रक्त. गुठळीच्या पलीकडे काही भाग मेलेला असतो, काही नुसता तहानलेला असतो. त्या तहानलेल्याला जगवायला शरीर स्वतःच बीपी चढवतं. आणि आपण शहाणे एका कॅप्सूलमध्ये मोटर बंद करतो!"

"आणि नळी चोकअप नसेल, फुटलीच असेल तर?"

तिने माझ्या पाठीवर थाप मारली. "आता बोललात! फुटली असेल तर प्रेशर कमी करायलाच पाहिजे. म्हणून आधी मेंदूचा फोटो, सीटी स्कॅन. घाई करायची ती फोटोची, गोळीची नाही."

त्या दिवशी मी तो डबा कप्प्यातून काढला. तोंड वाकडं झालेल्याच्या नातेवाइकाला मी जिभेखालचं काही देत नाही, सांगून टाकलं. लोक चिडायचे, दुसऱ्या दुकानात जायचे. जाऊ दे. माझाही हेका होता.

पण खरी लढाई समोर व्हायची. एकदा एका पुढाऱ्याच्या वडिलांना आणलं. त्यांना सगळे आबा म्हणत. डावी बाजू लुळी, बीपी दोनशे पाच. बरोबर वीस-पंचवीस माणसं, पांढऱ्या कपड्यांतली. पुढारी ओरडत होता, "आमच्या आबांच्या डोक्याची नस फुटेल, आधी बीपी उतरवा!" डॉक्टर तरुण होते, चांगले होते, पण घाबरले. म्हणाले, "सिस्टर, द्या इंजेक्शन."

मी औषधं पोचवायला वर गेलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अक्का औषधांच्या कपाटासमोर उभी राहिली आणि केसपेपर तिने डॉक्टरांपुढे धरला. "सर, लिहून द्या. फोटो बघितलेला नाही, तरी बीपी एकदम खाली आणा, असं लिहा. खाली सही. मी लगेच देते."

"सिस्टर, तोंडी सांगतोय ना मी!"

"तोंडी नाही. हात लावानं नही!"

अहिराणी ऐकली आणि मी औषधांची पिशवी खाली ठेवली. पुढारी तिच्या अंगावर धावून आला. "तू कोण गं ठरवणारी? उद्या नोकरीत राहणार नाहीस."

"उद्याचं उद्या. आज आबांना फोटोला न्या. गाडी खाली उभी आहे, मी बरोबर येते."

डॉक्टरांनी पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. लिहिलं नाही. आबांना फोटोला नेलं. फोटोत गुठळी दिसली, रक्तस्राव नव्हता. मग डॉक्टरच म्हणाले, राहू द्या बीपी. दिवसभर अक्का स्टुलावर बसून दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत होती. फार चढलं तर डॉक्टर हळूहळू खाली आणणार, पण तशी वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी डावा हात चादरीखाली थोडा हलवला आणि कळण्याची भाकर मागितली.

पुढाऱ्याने मोठा हार आणला. अक्काने तो आबांच्या सलाइनच्या स्टँडला लटकवला. मी म्हटलं, तुमच्यामुळे वाचले. तर माझ्यावरच भडकली. "सगळे असे उठत नाहीत, शेठ. किती तरी माझ्यासमोर गेलेत. मी फक्त आपल्या हाताने नुकसान होऊ दिलं नाही, एवढंच." हॉस्पिटलने मात्र डॉक्टरांशी उर्मट वागल्याची नोटीस तिला दिली. ती तिने औषधांच्या कपाटाला आतून चिकटवली. काही वर्षांनी त्याच कपाटावर बाहेरून छापील नियम लागला, फोटोआधी बीपी उतरवू नये असा. नोटीस काढा म्हणाले, तर म्हणे, "राहू द्या, आत अंधारात कुणाला दिसते!"

आता तिची फजिती सांगतो, नाहीतर म्हणाल, शेठ देवी करून बसवतोय.

असोद्याचे एक केळीवाले नाना होते. त्यांना हलकासा झटका येऊन गेला होता. घरी सोडताना अक्काने त्यांना ठिबकचा सगळा पाठ समजावून दिला. नानांना तो इतका पटला की त्यांनी गावभर सांगितला. चार महिन्यांनी त्यांची सून दुकानात आली. नानांच्या गोळ्या का नेत नाही विचारलं, तर म्हणाली, बंद केल्या. अक्का तेव्हा माझ्याच दुकानात चहा पीत होती. बशी तशीच ठेवून उठली. "शेठ, चला."

बसने असोदा. नाना बागेत होते. आम्हाला बघून खूश झाले, घड कापायला माणूस पाठवायला लागले.

"नाना, गोळ्या का सोडल्या?"

"सिस्टर, तुमीच त म्हने, प्रेशर पाहिजे! शेवटच्या केळीले पानी जाते म्हने. म्या मोटर फुल ठेवली."

 अक्का बांधावर बसली आणि खो खो हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि हसणं थांबलं तशी अशी कडाडली की बागेतले मजूर कामं सोडून उभे राहिले. "अहो नाना, ते झटक्याच्या दिवसांपुरतं! पहिले काही दिवस! नंतर रोज मोटर फुल ठेवली तर पाईप किती वर्षं टिकेल? एक दिवस बागेत फुटेल आणि मी फोटो काढत बसेन!" खाकी पिशवी उघडून तिथेच केळीच्या सावलीत नानांना पाच मिनिटं गप्प बसवलं. आकडा बघून तिचा चेहरा उतरला. परतताना बसमध्ये म्हणाली, "माझी चूक. अर्धंच सांगितलं मी." त्यानंतर कुणालाही ठिबकचं सांगितलं की शेवटी दोन बोटं वर करायची. "हे पहिल्या दिवसांचं. आणि नंतर गोळी रोज, मरेपर्यंत."

एवढी चिडते कशाला ही बाई, हे मला कळलं ते एरंडोलला. मी दुकानाच्या कामाला धुळ्याला निघालो होतो, ती सुट्टीला घरी. बस एरंडोलला थांबली होती. कंडक्टर चहाला उतरला होता. खाकी पिशवी तिच्या मांडीवर होती. मी सहज म्हटलं, "अक्का, ही पिशवी आता बदला. शर्टाची वाटते."

"शर्टाचीच आहे. भाऊचा."

भाऊ म्हणजे तिचा थोरला भाऊ. धुळे स्टँडवर कंट्रोलर होता. लाउडस्पीकरवर गाड्या पुकारायचा. सगळं स्टँड त्याच्या आवाजाने ओळखायचं. लहानपणी ही डबा घेऊन जायची, तेव्हा तो मध्येच माइकवर म्हणायचा, "इंदू, खिडकीपाशी ये." हिला नर्सिंगला त्यानेच घातलं. एका सकाळी कामावरून माणूस पळत आला, भाऊच्या तोंडातून शब्द नीट येत नाहीत म्हणून. घरी आणलं. उजवा हात जड होता, पण उचलत होता. बोबडं होतं, पण बोलत होता. "इंदू, घाबरू नको," असं त्यानेच हिला सांगितलं. बीपी दोनशे दहा. ही नवी नवी सिस्टर, हुशार. पर्समधली कॅप्सूल काढली, सुईने टोचली आणि त्याच्या जिभेखाली पिळली.

"अर्ध्या तासात एकशे दहा झालं," अक्का म्हणाली. "मी सगळ्यांना आकडा दाखवला, शेठ. किती छान उतरलं बघा, म्हटलं. वहिनी माझ्या पाया पडली. आणि भाऊचा हात खाली पडला. बोलणं गेलं. नंतर तो अकरा वर्षं जगला. त्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा. फलाट. भूक लागली तरी फलाट. पोराचं लग्न ठरलं, तेव्हा रडत रडत फलाट, फलाट."

कॅप्सूल दिली नसती तरी गेलं असतं कदाचित, असं मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती म्हणाली, "असेल. पण ते मला कधीच कळणार नाही ना." कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, कारण मला रडू येत होतं. आणि मी स्वतः अशा किती कॅप्सूल विकल्या, तेही मला कधीच कळणार नव्हतं.

रिटायर झाल्यावर ती धुळ्याला भाचा दिनेशकडे राहायला गेली. भाऊचाच मुलगा, शाळेत मास्तर. एका सकाळी मी शटर उघडतोय, तोच त्याचा फोन. 

"काका, आत्या उठली तीच तोंड वाकडं घेऊन. उजवा हात उचलत नाही. बीपी दोनशे दहा. गाडी बोलावली आहे, पण शेजारचे म्हणतात तोपर्यंत जिभेखाली गोळी द्या. त्यांच्याकडे आहे. कोणती देऊ, काका?"

तोच आकडा. तोच हात. मागे कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं, अहो द्या, नस फुटेल. आणि त्या सगळ्यांच्या मागून एक घोगरा, चिकट आवाज येत होता, तोंडात घास कोंबल्यासारखा.

"आत्या काय म्हणते, कळत नाही," दिनेश रडत होता.

मला कळत होतं. तीस वर्षं ऐकलेलं वाक्य होतं ते.

"दिनेश, तिच्या कपाटाचं दार उघड. आतून बघ."

तिनेच मला सांगून ठेवलं होतं. दिनेशने वाचलं. स्केचपेनने लिहिलेलं होतं, खाली सही. "मला झटका आला तर तोंडात काही घालायचं नाही. पाणी नाही, गोळी नाही. शेवटची कधी धडधाकट दिसले, ती वेळ लिहा. लगेच फोटो. फोटोआधी बीपीला हात लावायचा नाही. कोणी काही म्हणो."

"काका, काही बरंवाईट झालं तर लोक मला काय म्हणतील?"

"लोकांना माझा नंबर दे! म्हणावं, जळगावच्या शेठने नाही म्हटलं. शिव्या द्यायच्या तर त्याला द्या. आणि तू निघ."

दोन तासांनी पुन्हा फोन आला. फोटोत गुठळी होती. झोपेत झालं होतं म्हणून विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ गेली होती. तिथल्या तरुण डॉक्टर मॅडम आकडा बघून शांतपणे म्हणाल्या होत्या, आज हे बीपी असंच राहू द्यायचं, दोनशे वीसच्या वर गेलं तर बघू. अक्काने डावा हात उचलून त्या मॅडमच्या गालावर ठेवला, असं दिनेश म्हणाला. काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी ढसाढसा रडलो. लाज कसली?

पण बोलेल का, ते कुणीच सांगेना. दिनेश म्हणायचा, चमच्याला खिडकी म्हणते, मला भाऊ म्हणते. मी तीन महिने गेलोच नाही. खरं सांगतो, भीती वाटत होती. मी दारात उभा राहीन आणि ती म्हणेल, फलाट.

शेवटी गेलो. दार तिनेच उघडलं, डाव्या हाताने. बघितलं, मान हलवली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "शेठ. चेहरा... लाल. बसा."

पाच मिनिटं गप्प बसलो. 

त्यानंतर दीड वर्ष ती जगली. दर सोमवारी फोनवर माझा आकडा विचारायची. गेली ती न्यूमोनियाने. हे मुद्दाम सांगतो, कारण दिनेशच्या गल्लीत अजून कुणीकुणी म्हणतं, त्या दिवशी गोळी दिली असती तर बाई जगली असती. त्यांना मी दोनदा धुळ्याला जाऊन सुनावून आलोय, तिसऱ्यांदाही जाईन.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या भेटीच्याच दिवशी. नको नको म्हणत असताना काठी टेकत स्टँडवर पोचवायला आली. उजवा पाय फरपटत होता, मधूनमधून थांबत होती. लाउडस्पीकर बंद पडला होता. चौकशीच्या खिडकीत कुणी नव्हतं. बोचकी घेतलेली माणसं या टोकाहून त्या टोकाला पळत होती. एक म्हातारी सगळ्यांना जळगावची गाडी विचारत होती, जयगावनी कोठे लागनी? कुणी लक्ष देईना.

मी गाडीत चढून खिडकीपाशी बसलो. अक्का खांबाला पाठ लावून उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला. ओठ हलले, शब्द आला नाही. चिडली. काठी फरशीवर आपटली.

"एरंडोलमार्गे... जळगाव!" सगळं स्टँड वळून बघायला लागलं. "फ... फलाट. फलाट नंबर चार!"

म्हातारी धावली. तिच्या मागून बोचकी, पोरं, पिशव्या, सगळे आमच्या गाडीकडे धावले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी हात हलवला, पण अक्काचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. गाडी फाटकातून बाहेर वळली, तेव्हा ती शिरपूरची पुकारत होती.